कागदावरची सव्वीस वर्षं

मेलबर्न,
१७ जानेवारी १९८८

प्रिय व्हर्ना मावशी,

पोचलो. बसमध्ये पाय आखडून बसल्यामुळे उजवा गुडघा दिवसभर कुरकुरत होता, पण अजून जागेवर आहे. क्लबने माझी सोय मिसेस कालूदिस नावाच्या ग्रीक बाईंकडे केली आहे. मागची खोली, एक खाट, एक खिडकी. ताट रिकामं केलं की त्या पुन्हा भरतात, आणि नाही केलं तर त्यांचा चेहरा पडतो. त्यामुळे मी सध्या तिसऱ्या वाढीपर्यंत खातो.

बसस्टॉपवर तू म्हणाली होतीस, "तोंड फार चालवू नकोस आणि ओले मोजे घालून बसू नकोस." मोज्यांचं पाळतो आहे.

सराव सहाला सुरू होतो. पहिल्याच सकाळी आम्हाला टेकडीवर बारा वेळा पळवलं. बरोबरची पोरं अठरा-एकोणीसची, हरणांसारखी. मी शेवटून दुसरा आलो. माझ्या मागचा वाटेत ओकायला थांबला होता. पण दुपारी चेंडू हातात दिल्यावर बरं वाटलं. आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलात उंच आलेला चेंडू हातांनी झेलताना सगळी मैदानं सारखीच असतात. बारा वर्षं वॉरूलाच्या मैदानावर वाऱ्यात उड्या मारल्या, त्या इथे वाया जाणार नाहीत असं वाटतं.

आता एक गंमत. आपल्याकडे खेळाडू हेरायला आले होते ते क्लबचे मिस्टर लॉकवुड. त्यांनी माझी ओळख करून दिली ती अशी, "हा डेन्झिल पेनरोज. यंदा सव्वीसचा. चौदाव्या वर्षी मोठ्यांच्या संघात खेळलाय, चौदाव्या!" मी मागे वळून पाहिलं, दुसरा कुणी आलाय की काय. मला मार्चमध्ये एकोणतीस पूर्ण होतील हे तुला माहीत, मला माहीत, वॉरूलातल्या कुत्र्यांना माहीत. मग यांना सव्वीस कुणी सांगितलं?

मी गप्प बसलो. कारण बसस्टँडवरून येताना गाडीत लॉकवुड म्हणाले होते, "सत्तावीसच्या पुढचा माणूस मी कोचसमोर नेतच नाही. कोच मलाच हाकलेल." मावशी, मला हे हवं आहे. एरवी मी कशासाठी हट्ट धरत नाही, तुला माहीत आहे. पण पहिल्या संघातून एक सामना खेळायचा आहे. एकच का होईना. कुठे काय छापलं गेलं ते तुला ठाऊक असेल तर कळव.

तुझा,
डेन

*

वॉरूला,
२५ जानेवारी

प्रिय डेन,

पत्र मिळालं. मिसेस कालूदिसना माझा नमस्कार सांग आणि चौथ्यांदा घेऊ नकोस, वजन वाढलं तर टेकडीवर तुझं काही खरं नाही.

इथे बार्लीची कापणी संपली. धान्याच्या कोठारावर कामाला तुझ्या जागी पोस्टातल्या आल्फचा पुतण्या आला आहे. तो मापाच्या काट्यावर ट्रक उभा करण्याआधीच आकडा लिहितो असं सगळे म्हणतात. आपल्या क्लबची सभा झाली. मी एकतिसाव्यांदा सेक्रेटरी. "दुसरं कुणी उभं आहे का?" असं अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा सगळे आपापले बूट बघत होते. मागच्या फळीत तुझ्या जागी कोण, यावर दीड तास भांडण झालं आणि शेवटी चहा झाला.

वयाचं विचारतोस, तर वर्तमानपत्रवाले काहीही छापतात. तू खेळाकडे लक्ष दे. उन्हाळी भोपळे यंदा मोठे आले आहेत.

तुझी,
व्हर्ना मावशी

*

मेलबर्न,
२८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

भोपळ्यांची चौकशी मी केली नव्हती.

काल क्लबच्या डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं. माझा गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. म्हणाले, "सव्वीसच्या मानाने हा फार म्हातारा आहे हो." मी म्हटलं, "लहानपणापासून फार वापरलाय." ते हसले. मलाही हसावं लागलं. 

मग मी लॉकवुडना सहज विचारल्यासारखं केलं, माझी माहिती तुम्ही कुठून काढली? त्यांनी फाइल उघडून दाखवली. आपल्या लीगचं नोंदणीचं कार्ड. जन्म १९६२. वर्तमानपत्र नाही, छापखाना नाही. निळ्या शाईत, तुझ्या अक्षरात. खाली तुझी सही.

मावशी, काय केलंस तू?

डेन

*

वॉरूला,
९ मार्च

प्रिय डेन,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. चौथं पाठवते.

१९७२ साल. तुझी आई आयव्ही गेल्याला वर्षही झालं नव्हतं. तू तेरा वर्षांचा होतास आणि दहाचा दिसायचास. शनिवारी मी जर्सी वाटायला मैदानावर यायचे, तेव्हा तू कुंपणाला टेकून उभा असायचास. कुणाशी बोलायचा नाहीस. माझ्याशीसुद्धा फक्त "हो" आणि "नको". मोठ्या मुलांत पाठवलं तर तुला तुडवतील अशी भीती होती, आणि बारा वर्षांखालच्यांत तू बसत नव्हतास.

त्या वर्षी आपल्या बारा वर्षांखालच्या संघात सतराच पोरं होती. अठरा नसती तर संघ बंद झाला असता आणि आपली पोरं शेजारच्या ऑल्टन गावच्या संघात घालावी लागली असती. ऑल्टनच्या! नोंदणीच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात कार्डं घेऊन बसले. सतरा लिहून झाली. मग अठरावं घेतलं. एकसष्ट लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण चुकायचंच तर चांगलं ऐसपैस चुकावं म्हणून बासष्ट लिहिलं.

पहिल्याच सामन्यात तू धावत माझ्याकडे आलास आणि म्हणालास, "मावशी, बघितलंस?" वर्षभरातलं तुझं ते पहिलं धड वाक्य. त्यानंतर कार्ड सुधारायला माझा हात धजावला नाही. मग तू मोठ्यांच्या संघात गेलास, कार्ड तेच राहिलं. कागदावर तू चौदाव्या वर्षी मोठ्या माणसांत उतरलास. गावात तुला सगळे पाळण्यापासून ओळखतात, कार्ड कोण बघतो? ते बघायला मेलबर्नहून माणूस येईल असं वाटलं नव्हतं.

आणि दुसरं. त्या वर्षी लीगच्या उत्तम खेळाडूचं पदक तुला मिळालं. तेरा वर्षांचा मुलगा दहा-अकराच्या पोरांत खेळला, मिळणारच. दुसरा आला होता ऑल्टनचा कॉलिन हॉस्किंग. ते पदक त्याचं होतं. सोळा वर्षं ते माझ्या फ्रिजच्या वर टांगलेलं आहे आणि सोळा वर्षं मी त्यातून दूध काढताना खाली बघते.

तुझ्या हातातली संधी माझ्या खोट्यावर उभी आहे. ती मोडावी असं वाटत नाही, आणि तशीच राहावी असंही वाटत नाही. मी तुझ्या कोचना लिहू का?

मावशी

*

मेलबर्न,
२९ मार्च

प्रिय मावशी,

आज वाढदिवस. मिसेस कालूदिसनी केक केला आणि विचारलं, "किती मेणबत्त्या?" मी म्हटलं, मेणबत्त्या नकोत, दमा आहे. आता त्या मला रोज उकळलेलं काहीतरी कडू पाजतात. एक खोटं निभवायला किती खोटी लागतात बघ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी फार राग आला. तुझा नाही असं म्हणवत नाही, तुझाच आला. ते पदक माझं नव्हतं याचा जास्त आला. मला खरंच वाटायचं की त्या वर्षी मी फार भारी होतो. तू मला म्हणाली होतीस, "लहान दिसतोस म्हणून परवानगी मिळाली," आणि मी विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला ते कुंपण आठवलं. गंजलेली तार होती, हाताला वास राहायचा. तू त्या तारेपासून मला आत आणलंस. हे मी विसरणार नाही, हे आधी लिहून ठेवतो.

पण कोचना लिहू नकोस. माझ्यासाठी एवढं कर. पहिल्या संघातून एक सामना होऊ दे, मग मी स्वतः जाऊन सांगेन. आता सांगितलं तर दुपारी सामान बांधावं लागेल. आणि इथे येईपर्यंत मला माहीत नव्हतं की मी इथे टिकू शकतो. टिकतो, मावशी. सरावात मी त्यांच्या सर्वांत उंच माणसाच्या डोक्यावरून चेंडू काढला. सगळे ओरडले. अठरा वर्षांच्या पोराने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "काय खातोस रे?"

डेन

*

वॉरूला,
२२ मे

प्रिय डेन,

सांगितल्याप्रमाणे लिहिलं नाही. म्हणजे लिहिलं आहे, पण टाकलं नाही. तुझ्या कोचचं, मिस्टर रॅफर्टी यांच्या नावाचं पाकीट, तिकीट लावून, घड्याळामागे ठेवलं आहे. तू म्हणशील तेव्हा टाकीन. रविवारी चॅपेलमध्ये सगळ्यांबरोबर उभी राहते पण गायला तोंड उघडत नाही. पास्टर म्हणाले, "व्हर्ना, घसा बसलाय का?" मी मान हलवली. ते पण खोटंच.

तुझं नाव पहिल्या संघात का येत नाही म्हणून गाव चिडलेलं आहे. आल्फ म्हणतो, मेलबर्नवाल्यांना डोळे नाहीत.

मी ऑल्टनला गेले होते. पदक मटण-बटाट्याच्या पेस्ट्यांच्या डब्यात ठेवलं, वर रुमाल. कॉलिन हॉस्किंगचं आता मटणाचं दुकान आहे, गाल लाल, दोन मुली. दुकान रिकामं झाल्यावर मी सगळं सांगितलं आणि डबा काउंटरवर ठेवला.

तो इतका हसला की सुरी खाली ठेवावी लागली. "मिसेस पॅस्को, आम्हाला तेव्हाच माहीत होतं! डेनच्या ओठावर मिसरूड होतं हो!"

"मग तक्रार का केली नाहीत?"

"कशी करणार? आमचा पुढच्या फळीतला मोठा बॅरी आठवतो? तो सामन्याला स्वतः गाडी चालवत यायचा."

मलाही हसू आलं. पण खरं सांगते, डेन, हसून झाल्यावर त्याने ते पदक हातात घेतलं, एप्रनला पुसलं, आणि पुन्हा खाली ठेवलं नाही. मला दोन पौंड सॉसेज बांधून दिले, बरगड्या दिल्या, दारापर्यंत सोडायला आला. पदक मुठीतच होतं. निघताना म्हणाला, "माझा बाप त्या रात्री माझ्याशी बोलला नव्हता. दुसरा आलो म्हणून." 

मावशी

*

मेलबर्न,
३० जून

प्रिय मावशी,

कॉलिनचं वाचून बराच वेळ बाहेर फिरून आलो. बरं केलंस.

मी अजून राखीव संघातच. सकाळी आमचा सामना होतो, दुपारी त्याच मैदानावर पहिल्या संघाचा. आम्ही खेळतो तेव्हा माणसं जागा धरायला येतात आणि सँडविच खातात. पण मागच्या फळीतला एक जण खांदा निखळून घरी बसला आहे, दुसऱ्याची मांडी दुखते. कोच काल माझ्याशी आपणहून बोलले. "पेनरोज, झोप नीट लागते ना?" हे इथे फार मोठं बोलणं आहे.

इथली एक पद्धत सांगतो. नवा माणूस पहिल्यांदा पहिल्या संघात आला की त्याला जर्सी कोच देत नाही, अध्यक्ष देत नाही. संघातला वयाने सर्वांत मोठा खेळाडू देतो, सगळ्यांच्या समोर, आणि दोन शब्द बोलतो. मग नवा माणूस ती अंगात घालतो. तोवर तो संघातला नाही. सध्या सर्वांत मोठा टेरी ड्वायर. सगळे त्याला "आजोबा" म्हणतात. त्याची चप्पल लपवतात, कवळी कुठे ठेवलीस विचारतात.

आजोबांना डिसेंबरात अठ्ठावीस पूर्ण होतील.

मी त्याच्या चेष्टेत हसतो, आणि हसताना स्वतःचीच लाज वाटते. भला माणूस आहे. मला घरी जेवायला नेलं, बायकोला म्हणाला, "हा पोरगा पुढे जाईल."

पाकीट घड्याळामागेच राहू दे. थोडेच दिवस.

डेन

*

वॉरूला,
१८ जुलै

प्रिय डेन,

तुझी तार आल्फने सगळ्या गावाला वाचून दाखवली, मग मला दिली. पहिल्या संघात, शनिवारी तेवीस तारखेला! कोठारावर सुट्टी द्या म्हणून मागणी आहे. पबमध्ये रेडिओ बाहेर काढणार आहेत.

मला यायला जमणार नाही. कंबर दुखते आणि बसचा प्रवास लांबचा. आल्फकडे रेडिओवर ऐकेन. मोजे कोरडे घाल. नीट खेळ.

आयव्हीला फार आनंद झाला असता. मला तर झालाच आहे, फक्त त्यात एक खडा आहे, तो कुणाचा ते तुला माहीत आहे.

मावशी

*

मेलबर्न,
२६ जुलै

प्रिय मावशी,

सामना रेडिओवर ऐकला असशील. रेडिओवर आलं नाही ते लिहितो.

आम्ही खोलीत गोल उभे होतो. टेरी जर्सी घेऊन आला. राखाडी, छातीवर तांबडा पट्टा, पाठीवर एक्केचाळीस. तो म्हणाला, "डेन, उशिरा आलास पण आलास. या खोलीतले म्हातारे आता दोन झाले, मी आणि तुझा गुडघा." सगळे हसले. त्याने जर्सी पुढे केली. मी बाहीला हात लावला, पण ती घेतली नाही.

टेरी म्हणाला, "घे की, चावत नाही ती."

मी म्हटलं, "टेरी, मला एकोणतीस पूर्ण झालीत. मार्चमध्ये. तुझ्याहून मोठा आहे मी. तू मला देऊ शकत नाहीस."

कुणीतरी हसलं, मग थांबलं. मी सगळं सांगितलं. कार्ड, सतरा पोरं, पदक. तुझं नाव घेतलं, माफ कर. तोंड फार चालवू नकोस म्हणाली होतीस. बाहेर लोकांचा आवाज येत होता. भिंतीला टेकलेले लॉकवुड पांढरे पडले.

कोच घड्याळाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "यादी गेली आहे. दुसरा माणूस नाही. खेळ. सोमवारी माझ्या खोलीत ये."

टेरी अजून जर्सी धरून उभा होता. मला वाटलं, आता हा माझ्याकडे बघणारसुद्धा नाही. तो एकदम ओरडला, "दोन वर्षं! दोन वर्षं हे नालायक मला आजोबा म्हणतायत! सुटलो रे देवा!" आणि जर्सी माझ्या अंगावर फेकली. "पद्धत म्हणजे पद्धत. सर्वांत मोठा तू. तूच दे, तूच घे, आणि दोन शब्द पण तूच बोल."

  मी ती स्वतःच अंगात घातली.

सात किक, पाच झेल. नऊ गुणांनी हरलो. शेवटच्या सत्रात तो उंच चेंडू आला तेव्हा मी मागे पळत होतो, समोरून कोण येतंय दिसत नव्हतं, आणि मला काहीच वाटलं नाही, फक्त चेंडू दिसला. तो झेलल्यावर जो आवाज झाला, मावशी, तो अजून कानात आहे.

सोमवारी कोच म्हणाले, "खोटं लपवलंस म्हणून काढत नाही. पण मला पाच वर्षांचा संघ बांधायचा आहे. सप्टेंबरनंतर तुला ठेवणार नाही. या वर्षीही पुन्हा वर घेईन असं समजू नकोस."

मी विचारलं, "गप्प बसलो असतो तर?"

"आणखी दोन वर्षं मिळाली असती बहुतेक."

खोटं नाही सांगत, वाईट वाटलं. मिसेस कालूदिसच्या स्वयंपाकघरात बसून रडलो. त्यांनी समोर ताट ठेवलं. दोन वर्षं म्हणजे माझ्यासाठी सगळंच होतं. पण ती जर्सी मी टेरीच्या हातून घेतली असती, तर दोन वर्षं रोज घालताना अवघड गेलं असतं. ही एक तरी माझी आहे.

ते पाकीट आता फाडून टाक. आणि आल्फचा रेडिओ नीट लागला होता का? तो शेवटचा झेल ऐकलास ना?

डेन

*

वॉरूला,
३ ऑगस्ट

प्रिय डेन,

रेडिओ नीट लागला असं आल्फ म्हणतो. मी ऐकला नाही. मी तिथे होते.

गुरुवारी ॲडलेडला गेले, शुक्रवारी दिवसभर बसने मेलबर्न. कंबर खरंच दुखते, तेवढं खरं लिहिलं होतं. तुला कळवलं नाही, कारण सामन्याआधी तुझ्यासमोर यायची हिंमत नव्हती. माझ्या खोट्याच्या जोरावर तू आत उतरणार आणि मी बाहेरून टाळ्या वाजवणार, हे तोंड घेऊन तुला काय भेटू? कोचचं पाकीट पर्समध्ये होतं. सामना संपला की दारावरच्या माणसाकडे देईन असं ठरवून आले होते. तुला दिलेला शब्द मोडायचा होता. हेही तुला कळलं पाहिजे म्हणून लिहिते. शेवटी ते दिलं नाही; तुझं पत्र वाचून फाडलं.

गोलच्या खांबांमागे जागा मिळाली. थर्मास, दोन पेस्ट्या, मांडीवर घोंगडं. शेजारी तुझ्या क्लबचा मफलर गुंडाळलेला एक म्हातारा, गुडघ्यावर सामन्याचं पुस्तक. तू धावत बाहेर आलास तेव्हा मला तुझी पाठ दिसली. एक्केचाळीस. तू आत काय बोलून आला होतास, ते मला कुठे माहीत? मला फक्त एवढं दिसलं की कुंपणाशी उभा राहणारा मुलगा मैदानाच्या मधोमध आहे. मी रडले, आणि पेस्टी खाल्ली, आणि पुन्हा रडले.

तो शेवटचा झेल माझ्या अगदी समोर झाला. तुझ्यावर दोघे आदळले आणि चेंडू तुझ्याकडेच राहिला. सगळे उभे राहिले. शेजारचा खाली बसला, पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाला, "पेनरोज. सव्वीस. इतके दिवस कुठे होता हा?"

डेन, मी ठरवून बोलले नाही. तोंडातून निघून गेलं.

"एकोणतीस," मी म्हटलं. "एकोणतीस मार्च एकोणसाठ. ईस्टरचा रविवार होता, आम्ही चॅपेल बुडवलं होतं. नर्सने तो पहिल्यांदा माझ्या हातात दिला."

त्याने माझ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. "इथे सव्वीस छापलंय, बाई."

"छापलं असेल. ते मीच लिहिलं होतं. ते चूक आहे."

आजूबाजूच्या पाच-सहा जणांनी ऐकलं. मला वाटलं, आता झालं. त्या माणसाने खिशात हात घातला, तोकडी पेन्सिल काढली, तिला जीभ लावली, सव्वीस खोडलं आणि बाजूला हळूहळू एकोणतीस लिहिलं. मग सामना संपल्याचा भोंगा होईपर्यंत तो मैदानाकडे बघत राहिला.

"एकोणतीसचा?" तो म्हणाला. "मग तर फारच भारी खेळला."

तुझी,
व्हर्ना मावशी